दोन हंगामांचा संघ : कार्ल कीकहेफर आणि त्याच्या पांढऱ्या क्रायस्लर

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींच्या इतिहासात कार्ल कीकहेफर याचा संघ जेमतेम दोन हंगाम टिकला. १९५५ च्या फेब्रुवारीत तो पहिल्यांदा मैदानात उतरला आणि १९५६ चा हंगाम संपताच त्याने गाशा गुंडाळला. एवढ्या अवधीत त्याने तिथल्या सर्वोच्च मालिकेतील ५२ शर्यती जिंकल्या आणि दोन्ही वर्षांची अजिंक्यपदे आपल्याकडे ठेवली. शर्यतींचे संघ बंद पडतात ते सहसा पैसा संपल्यामुळे, नाही तर हरून हरून कंटाळल्यामुळे. या संघाची तिजोरी भरलेली होती आणि गाड्याही सर्वांत वेगवान होत्या, तरीही मालकाने कुलूप लावले. माझ्या मते ज्या काटेकोरपणामुळे तो जिंकत गेला, तोच काटेकोरपणा त्याला प्रेक्षकांपासून दूर नेत होता, आणि प्रेक्षक दुरावल्यावर त्याच्या दृष्टीने शर्यतीत काही अर्थच उरला नव्हता.

खान्देशात मोटारींच्या शर्यतींची परंपरा नाही. आमच्याकडे शर्यत म्हटली की ती बैलांची, नाही तर सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्यांची. या संघाकडे माझे लक्ष वळले ते क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीच्या नावामुळे. आमचे घर धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावरील ट्रकांवर चालले. वडिलांच्या, म्हणजे नानांच्या गॅरेजमधील जुन्या मिस्त्रींच्या तोंडी फार्गो, डॉज, प्लिमथ ही नावे घरच्या माणसांसारखी असत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ मोटारी बांधल्या, आणि त्याच घराण्याचे ट्रकही बांधले. कापसाच्या गाठी लादून लळिंगच्या घाटात घरघरणाऱ्या फार्गोचे मूळ घराणे तिकडे अमेरिकेत त्याच काळात शर्यतीची मैदाने गाजवत होते, हे समजल्यावर पुढचे वाचल्यावाचून राहवले नाही.

स्टॉक कार म्हणजे कोणालाही शोरूममधून विकत घेता येईल अशी रोजच्या वापराची मोटार. उघड्या चाकांच्या, खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्या युरोपात आणि इंडियानापोलिसला धावत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील लोकांना मात्र शेजाऱ्याच्या दारात उभी असते तशीच गाडी धावताना पाहायची होती. बिल फ्रान्स याने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथे बैठक बोलावून नॅस्कार ही संघटना उभी केली आणि जून १९४९ मध्ये शार्लट येथे कारखान्यातून आल्या तशाच गाड्यांची पहिली शर्यत भरवली. त्या पहिल्याच शर्यतीत पहिला आलेल्या ग्लेन डनवे याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगमध्ये फेरफार सापडला, तो बाद झाला आणि जिम रोपर विजेता ठरला. तपासणी, तक्रार आणि बाद होणे हे या खेळाच्या पाचवीलाच पुजलेले आहे.

त्या काळी बहुतेक शर्यती अर्ध्या किंवा एक मैलाच्या मातीच्या गोल ट्रॅकवर होत. डेटोनाचा ४.१ मैलांचा मार्ग तर अर्धा समुद्रकाठच्या वाळूवरून आणि अर्धा त्याला लागून असलेल्या डांबरी रस्त्यावरून जाई, त्यामुळे शर्यतीची वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवावी लागे. चालक बहुतेक दक्षिणेचे, कोणी गॅरेजवाला तर कोणी पेट्रोलपंपवाला. गाडी स्वतः चालवत किंवा ट्रकामागे ओढत आणायची, अंगावर रोजचाच शर्ट, आणि जमले तर जिंकायचे, असा सगळा मामला होता.

कीकहेफर या मंडळींतला नव्हता. तो उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्याचा, जर्मन वंशाचा, शिस्तीला कडक आणि इंजिनांत बुडालेला उद्योजक होता. १९३९ मध्ये त्याने सीडरबर्ग गावातील एक बुडीत कारखाना घेतला. माँटगोमेरी वॉर्ड या बड्या विक्री कंपनीने नापास करून परत पाठवलेली सुमारे ३०० आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लटकवायची इंजिने, तिथे पडून होती. कीकहेफरला खरे तर त्या धंद्यात पडायचे नव्हते, परंतु माल भंगारात घालण्याऐवजी त्याने प्रत्येक इंजिन उघडून दुरुस्त केले. ज्या कंपनीने ती नाकारली होती, तिनेच मग ती घेतली आणि आणखी मागवली. त्यातून मर्क्युरी आउटबोर्ड हे नाव उभे राहिले. नापास मालाचा दोष शोधून तो उलट्या बाजूने सोडवत जाण्याची त्याची ही सवय पुढे शर्यतीतही दिसते.

शर्यतीत तो उतरला तो जाहिरातीसाठी. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसणारा आणि शर्यत पाहायला जाणारा गिऱ्हाईक बऱ्याच अंशी एकच असतो, असा त्याचा हिशेब असावा. मोटारींशी संबंध नसलेल्या उद्योगाने शर्यतीच्या गाडीवर आपले नाव मोठ्या अक्षरांत रंगवण्याची प्रथा आज इतकी रुळली आहे की, गाडीचा मूळ रंग शोधावा लागतो. कीकहेफर हा त्या प्रथेच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक. गंमत अशी की, मर्क्युरी नावाची एक मोटारही तेव्हा बाजारात होती आणि ती फोर्डची होती. म्हणजे प्रेक्षकांसमोरून क्रायस्लर गाडी जाई आणि तिच्या अंगावर प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीचे नाव लिहिलेले असे. कीकहेफरला त्याचे काही वाटत नसावे, कारण त्याला विकायची होती होडीची इंजिने.

गाडीची निवड मात्र त्याने अचूक केली. क्रायस्लरने १९५५ साठी ३०० या नावाची एक महागडी, दोन दारांची मोटार काढली होती आणि त्या वर्षी तिच्या अवघ्या १,७२५ गाड्या तयार झाल्या. ३०० हा आकडा तिच्या अश्वशक्तीचा होता. आठ सिलिंडरचे, ३३१ घनइंचांचे म्हणजे सुमारे ५.४ लिटरचे इंजिन आणि त्यावर चार-चार तोंडांचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, असा तो थाट होता. आपल्याकडे १९५७ मध्ये आलेल्या पहिल्या अँबेसेडरचे इंजिन दीड लिटरचेही पुरते नव्हते, यावरून फरकाची कल्पना यावी.

या इंजिनाला हेमी म्हणत, कारण सिलिंडरच्या डोक्यावरील ज्वलनकक्ष अर्धगोलाच्या आकाराचा होता. सपाट छताच्या कक्षात दोन्ही व्हॉल्व्ह शेजारी शेजारी दाटीने बसतात, त्यामुळे त्यांचा आकार वाढवायला मर्यादा पडते. अर्धगोलात ते समोरासमोर तिरके बसवता येतात, म्हणून मोठे ठेवता येतात. हवा एका बाजूने आत येते आणि जळालेला वायू दुसऱ्या बाजूने फारसे वळण न घेता बाहेर पडतो. स्पार्क प्लगही बरोबर मध्यावर बसवता येतो. असे हेड घडवायला महाग आणि वजनाला जड पडते, कारण प्रत्येक बाजूला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचे दोन दांडे लागतात. परंतु इंजिन जितके जोरात फिरवाल तितका मोकळा श्वास घेते, आणि शर्यतीत गाठ मोकळ्या श्वासाशीच असते. गाडी दोन टनांच्या जवळपास जड होती आणि सुरुवातीला तिचा गिअरबॉक्स दोन गतींचा ऑटोमॅटिक होता. कागदावर पाहिले तर ही शर्यतीची गाडी वाटत नाही, डॉक्टरांची किंवा बड्या व्यापाऱ्याची वाटते.

तिला चालक मिळाला तोही योगायोगाने. टिम फ्लॉक हा १९५२ चा अजिंक्यवीर. १९५४ मध्ये डेटोनाची शर्यत त्याने जिंकली होती, परंतु तपासणीत कार्ब्युरेटरमध्ये नियमबाह्य काम सापडले म्हणून ती त्याच्याकडून काढून ली पेटीला देण्यात आली. फ्लॉक चिडून नॅस्कार सोडून गेला आणि अटलांटात पेट्रोलपंप चालवू लागला. पुढच्या वर्षी तो प्रेक्षक म्हणून डेटोनाला आला, तिथे ती क्रायस्लर पाहून, ही गाडी मिळाली तर शर्यत आपलीच, असे बोलून गेला आणि हे बोलणे कीकहेफरपर्यंत पोचवले गेले, अशी हकिकत सांगतात. फ्लॉक गाडीत बसला. शर्यतीत त्याच्यापुढे फायरबॉल रॉबर्ट्सची ब्युइक निघाली, पण दुसऱ्या दिवशी तिच्या पुशरॉडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या दांड्यांत, फेरफार आढळला आणि विजय फ्लॉकच्या पदरात पडला. वर्षभरापूर्वी तपासणीने जे त्याच्याकडून हिरावले होते, ते तपासणीनेच परत केले.

त्यानंतर १९५५ च्या हंगामात फ्लॉकने एकूण १८ शर्यती जिंकल्या आणि अजिंक्यपद मिळवले. एका हंगामातील विजयांचा हा विक्रम १९६७ मध्ये रिचर्ड पेटीने २७ शर्यती जिंकेपर्यंत अबाधित होता. संघाचे त्या वर्षीचे एकूण विजय २२ होते.

या विजयांचे श्रेय एकट्या इंजिनाला देऊन भागणार नाही. तीच क्रायस्लर शोरूममधून इतरांनाही घेता येत होती. कीकहेफरने शर्यतीत कारखाना आणला. त्याच्या गाड्या स्वतःच्या चाकांवर येत नसत. बंदिस्त मोठ्या ट्रकांतून येत, आणि त्या ट्रकांच्या बाजूंवर मर्क्युरीचे नाव झळकत असे. मिस्त्रींच्या अंगावर सारखे, स्वच्छ, पांढरे डगले असत. सुटे भाग मोजून, तपासून, खुणा करून ठेवलेले असत. ट्रॅकची माती आधी नेऊन तिची परीक्षा केली जाई आणि हवामानाचा अंदाज सांगणारा माणूसही दिमतीला असे. दक्षिणेतील चालकांना हे सगळे आधी हास्यास्पद वाटले असणार. आज मात्र कोणत्याही शर्यत संघाच्या तंबूत डोकावले तर कीकहेफरचाच कित्ता गिरवलेला दिसतो.

मातीची परीक्षा ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. कॅरोलिना राज्यांतील तांबडी चिकणमाती पाणी मारल्यावर घट्ट बसते, पण गाड्यांच्या चाकांखाली ती तासाभरात भाजून निघते, वर भुकटी होते आणि वळणांवर खड्डे पडतात. टायर कोणता, हवा किती, स्प्रिंग किती कडक, हे सगळे त्या मातीवर ठरते. आणि त्या भुकटीतून पंचवीस-तीस गाड्या पळू लागल्या की मागच्या गाडीच्या इंजिनात जे जाते, त्याला हवा म्हणणे धाडसाचेच होईल.

येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कीकहेफरच्या संघाची जी करामत मला सर्वांत मोलाची वाटते ती धुळीविषयीची आहे. त्या काळच्या मोटारींना आणि ट्रकांना हवा गाळण्यासाठी ऑइल बाथ एअर क्लीनर असे. आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या जुन्या ट्रकांना आणि ट्रॅक्टरांना तोच असायचा आणि तो साफ करणे हे पोऱ्याचे, म्हणजे माझे काम. क्लिपा सोडवून खालची वाटी अलगद उतरवायची. वाटीत खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरलेले असायला हवे, परंतु एप्रिल-मे महिन्यांत, रोटाव्हेटर मारून आलेल्या ट्रॅक्टरची वाटी उतरवली की, वर दोन बोटे तेल आणि खाली काळ्या मातीचा लोण्यासारखा थर निघे. तो लाकडाच्या पट्टीने खरवडायचा, वाटी डिझेलने धुवायची, वरची तारेची जाळी डिझेलमध्ये बुडवून झटकायची, नवे तेल खुणेपर्यंत भरायचे आणि वाटी पुन्हा चढवायची. नाना हे काम दुसऱ्या कोणावर सोडले तरी स्वतः एकदा वाटी हातात घेऊन पाहत. त्यांचे अहिराणीतले एक वाक्य ठरलेले होते : ‘पोऱ्या, इंजिन डिझेलवर नही, हवावर चालस, हवामा धूय गयी का गयं इंजिन.’

या क्लीनरची युक्ती साधी आहे. आत येणारी हवा खाली तेलाच्या पृष्ठभागापर्यंत जाते आणि तिथून एकदम उलटी वर वळते. धुळीचे जड कण वळू शकत नाहीत, ते तेलात जाऊन बसतात, आणि उरलेले तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकतात. बारीक कण मात्र हवेबरोबर वळून निसटतात. हवेचा वेग कमी असेल तर आणखीच निसटतात. शिवाय वाटीतील तेल सपाट राहिले पाहिजे ही अट आहे. शेतात सरळ तासावर चालणाऱ्या ट्रॅक्टरला ती पाळता येते. मातीच्या गोल ट्रॅकवर सतत एकाच बाजूला वळत, आडवी घसरत, खड्ड्यांतून उसळत जाणाऱ्या गाडीच्या वाटीत तेल एका कडेला चढते, दुसरी कडा कोरडी पडते आणि तेवढ्या बाजूने धूळ थेट आत जाते. धूळ तेलात मिसळली की तिची घासणीची पेस्ट होते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर झिजतात, इंजिन कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, सोडते, ऑइल खाऊ लागते, आणि शर्यत संपत आली असताना ज्या गाडीत जोर उरायला हवा तिच्यात तो उरत नाही.

कीकहेफरच्या पथकाने यावर घड्या घातलेल्या कोरड्या कागदाचा फिल्टर वापरला आणि शर्यतीच्या गाडीत त्याचा उपयोग सिद्ध करण्याचे श्रेय मोटारींच्या इतिहासात त्यांना दिले जाते. कागदाला घड्या घातल्या की लहानशा गोल डब्यात बरेच क्षेत्रफळ मावते. हवेचा वेग कमी असो की जास्त, गाडी उभी असो की आडवी, गाळणे सारखेच होते. मळला की काढून टाकायचा, दुसरा बसवायचा. पुढे साठच्या दशकात असे फिल्टर अमेरिकी मोटारींत सर्रास आले आणि आपल्याकडेही आता ते ठिकठिकाणी मिळतात. फिल्टर बदलण्याऐवजी त्याला कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा बसवण्याची आपली पद्धत मात्र कीकहेफरला अजिबात पटली नसती. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि मग तो फिल्टर असून नसल्यासारखा होतो. तरीही दर उन्हाळ्यात, पाच-दहा मिनिटांत शंभर-दोनशे रुपये वाचवून, महिनाभराने हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिन उघडून दुरुस्तीचे, काम करायला आलेली गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

१९५६ मध्ये संघ आणखी मोठा झाला. टिमचा भाऊ फाँटी फ्लॉक, बक बेकर, स्पीडी थॉम्प्सन, फ्रँक मंडी अशी मातब्बर मंडळी कीकहेफरच्या गाड्यांत दिसू लागली. कधी एकाच शर्यतीत त्याच्या अनेक गाड्या असत, क्रायस्लरबरोबर डॉजही असत. फेब्रुवारीत डेटोनाची शर्यत टिम फ्लॉकने पुन्हा जिंकली. त्याच शर्यतीत कीकहेफरने चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय चालकाला आपली एक क्रायस्लर दिली आणि तो एकोणिसावा आला. वर्णभेद कायद्याने चालू असलेल्या दक्षिणेत, त्या किनाऱ्यावर, त्या वर्षी ही लहान गोष्ट नव्हती. कीकहेफरच्या हुकूमशाहीविषयी लिहिणाऱ्यांनी ही बाजूही मांडायला हवी.

मार्चच्या अखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत या संघाने ओळीने १६ शर्यती जिंकल्या. या मालिकेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही संघमालकाला हे जमलेले नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारी वाढल्या तशी तपासणीही वाढली. बिल फ्रान्सच्या माणसांनी या गाड्यांची इंजिने पुनःपुन्हा उघडली, भाग मोजले, वजने केली, आणि गाड्या नियमात बसत असल्याचेच आढळले. मला या ठिकाणी बिल फ्रान्सचीही अडचण समजते. एकच मालक जिंकणार हे आधीच माहीत असेल तर तिकीट कोण काढणार? त्याला या गाड्यांत दोष सापडला असता तर बरे वाटले असते आणि तो सापडत नव्हता.

प्रेक्षकांचे मन तोवर फिरले होते. आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांत बाहेरून आलेला एखादा पैलवान एकामागून एक जोड चीत करू लागला की, पहिल्या दोन कुस्त्यांना पडलेल्या टाळ्या चौथ्या-पाचव्या कुस्तीला थांबतात आणि मग त्याच्याविरुद्ध उभा राहणारा कोणीही गडी गावाचा लाडका होतो. कीकहेफरच्या पांढऱ्या गाड्यांना तशीच हुर्यो मिळू लागली. त्यातून तो उत्तरेचा, पैसेवाला, मिस्त्रींना गणवेश घालणारा. फोर्ड किंवा शेवरोलेमधून आलेला घरचा पोरगा त्याला हरवील तर बरे, असे दक्षिणेतील प्रेक्षकाला वाटणे अगदी स्वाभाविक होते.

संघाच्या आतही सारे आलबेल नव्हते. चालकांनी केव्हा झोपायचे, केव्हा उठायचे हे मालक ठरवी. शर्यतीच्या आदल्या रात्री चालकांना पत्नींपासून वेगळ्या खोल्यांत ठेवण्याचा त्याचा नियम तर दंतकथेसारखा सांगितला जातो. मिस्त्री आणि चालक यांना एकाच मापाने मोजण्यात त्याची चूक होत होती असे मला वाटते. मिस्त्रीचे काम शिस्तीने सुधारते. चालकाचे काम शेवटी एका क्षणाच्या धाडसावर असते, आणि ज्याच्या मानेवर सतत कोणी उभे आहे तो फार काळ तसे धाडस करू शकत नाही. टिम फ्लॉकला पोटातील अल्सरने गाठले, वजन उतरले. एप्रिल १९५६ मध्ये नॉर्थ विल्क्सबरोची शर्यत जिंकली आणि त्याने तिथेच संघ सोडला. आधीच्या वर्षी १८ शर्यती जिंकून देणारा माणूस, सर्वांत वेगवान गाडी हाती असताना, विजयाच्या दिवशी निघून जातो, याहून अधिक काय सांगायचे?

त्याच्यानंतर काही काळ हर्ब थॉमस हा कीकहेफरच्या गाडीत आला. १९५१ आणि १९५३ अशी दोन अजिंक्यपदे मिळवणारा तो पहिला चालक. त्याचेही मालकाशी पटले नाही आणि हंगामाच्या मध्यावर तो स्वतःच्या गाडीने शर्यती करू लागला. तरी गुणतक्त्यात तोच पुढे होता आणि कीकहेफरचा बक बेकर त्याच्या मागे होता. आपला संघ सोडून गेलेला माणूस आपल्याच चालकापुढे अजिंक्यपद नेतो आहे, हे कीकहेफरला सहन होणे शक्य नव्हते.

हंगामाच्या शेवटी त्याने जे केले ते नियमात बसणारे होते. नॉर्थ कॅरोलिनातील शेल्बी येथील जत्रेच्या मैदानावरील अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक त्याने भाड्याने घेतला आणि वेळापत्रकात एक शर्यत वाढवून घेतली. गुण प्रत्येक शर्यतीतील क्रमांकावर मिळत, म्हणून मागे असलेल्याला गुण भरून काढायला आणखी एक संधी मिळत होती. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी ती शर्यत झाली. हर्ब थॉमस पुढे सरकत असताना कीकहेफरच्याच संघातील स्पीडी थॉम्प्सनच्या गाडीशी त्याची धडक झाली, मागून येणाऱ्या गाड्या आदळल्या आणि थॉमसच्या डोक्याला गंभीर इजा झाली. शर्यत बेकरने जिंकली, पुढे अजिंक्यपदही त्यालाच मिळाले. थॉमस वाचला, परंतु त्याची खरी कारकीर्द त्या दिवशी संपली. त्यानंतर तो मोजक्या शर्यतींत दिसला.

धडक मुद्दाम घडवली असे मी म्हणणार नाही. मातीच्या अरुंद ट्रॅकवर अशा धडका रोज होत. माझा आक्षेप शर्यतीवर आहे. जो मालक हवा, माती, इंजिन, जेवण, झोप सारे काही मोजून आपल्या बाजूला करून घेत होता, त्याने शेवटी वेळापत्रकही आपल्या बाजूला करून घेतले, आणि त्या वाढवलेल्या शर्यतीत जो पुढे होता तोच माणूस जायबंदी झाला. प्रेक्षकांनी त्यावर कोणता निवाडा दिला असेल हे सांगायला नको.

त्या वर्षी संघाच्या नावावर ३० विजय होते. हंगाम संपल्यावर कीकहेफरने शर्यतीतून अंग काढून घेतले आणि तो पुन्हा या मालिकेत आला नाही. रागावून गेला, असे काही जण लिहितात. मला तसे वाटत नाही. तो शर्यतीत आला होता इंजिने विकायला, आणि ज्या मैदानावर त्याच्या नावाची हुर्यो उडते तिथे ते नाव गाडीवर रंगवून फिरवणे म्हणजे स्वतःच्या खर्चाने स्वतःची बदनामी करणे. क्रायस्लर कंपनी हा खर्च करत नव्हती, सगळा पैसा त्याचाच होता. आकडेमोड करणाऱ्या माणसाने आकडेमोड केली आणि दुकान बंद केले. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेनेही आपल्या सभासदांना शर्यतींपासून दूर राहण्यास सांगितले. म्हणजे कीकहेफर राहिला असता तरी भोवतालचा खेळ बदलणारच होता.

नंतर त्याने मध्य फ्लोरिडातील जंगलात एक मोठे तळे मिळवले आणि त्याचा पत्ता जगापासून लपवण्यासाठी त्याला ‘लेक एक्स’ असे नाव दिले. तिथे मर्क्युरीची इंजिने लावलेल्या होड्या अहोरात्र फेऱ्या मारत, आणि एका चाचणीत त्यांनी ५०,००० मैलांची मजल मारली. १९६१ मध्ये त्याची कंपनी ब्रन्सविक या मोठ्या कंपनीत विलीन झाली, काही वर्षांनी मालकांशी न पटल्याने तो तिथूनही बाहेर पडला, आणि १९८३ मध्ये त्याचे निधन झाले. मर्क्युरीची इंजिने आजही बनतात.

चालकांपैकी टिम फ्लॉकच्या नावावर कारकिर्दीत ३९ विजय जमा झाले. बक बेकरचे १९५६ चे अजिंक्यपद गाडीचे की चालकाचे, हा वाद तेव्हा जोरात होता, आणि कीकहेफरच्या गाड्यांत कोणीही जिंकला असता असे म्हणणारे कमी नव्हते. बेकरने १९५७ च्या हंगामात शेवरोले घेतली. त्याच्यामागे पांढऱ्या डगल्यातील पथक नव्हते, माती तपासणारा नव्हता, हवामान सांगणाराही नव्हता. अजिंक्यपद त्या वर्षीही त्यानेच जिंकले, आणि लागोपाठ दोन वर्षे ते मिळवणारा तो नॅस्कारचा पहिला चालक ठरला.